प्रमाणपत्रापासून सहाव्या पगारापर्यंत: कौशल्य व्यवस्था नेमकी कुठे तुटते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर आहात. तालुक्यात सरकारी आयटीआय आहे, शिवाय दोन खासगी कौशल्य केंद्रं आहेत. दरवर्षी प्रमाणपत्रं वाटली जातात, पोरं पुण्याला नाहीतर वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत) जातात आणि त्यातली बरीचशी दोन-चार महिन्यांत गावी परततात. तिकडे कारखानदार म्हणतात, माणूस मिळत नाही. देशाची रोजगार आणि कौशल्य व्यवस्था सुधारायची तर आपल्या पातळीवर सुरुवात कुठून करावी, नवे अभ्यासक्रम मागावेत की नवी यंत्रं, आणि देशपातळीवर काय बदलावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत असं की अभ्यासक्रम आणि यंत्रं दोन्ही नंतर. प्रमाणपत्र हातात पडल्यापासून सहावा पगार खात्यावर येईपर्यंतचा काळ आधी कोणाच्या तरी जबाबदारीवर टाका. आज त्या काळाला धनी नाही. प्रशिक्षण देणाऱ्याचं काम परीक्षेला संपतं, रोजगार मेळावा घेणाऱ्याचं नियुक्तीपत्राला संपतं, आणि पोरगं विसाव्या दिवशी का निघून गेलं हे विचारायचं काम कोणाच्याच टेबलावर नसतं. पेरा किती एकरांवर झाला ते नोंदवायचं आणि रास किती निघाली ते मोजायचंच नाही, अशी ही नोंद आहे. देशपातळीवरच्या बहुतेक योजनांचा दोष हाच आहे, आणि तुमच्या तालुक्यातही तोच दिसतोय.

यातलं बरंच काही जागेवर अवलंबून आहे. मराठवाड्यातले आठही जिल्हे एका मापाने मोजता येत नाहीत. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यात कारखाने दारात आहेत: वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन, जालन्याच्या सळईच्या रोलिंग मिल आणि बियाणे कंपन्या. तिथे प्रश्न टिकण्याचा आणि दर्जाचा आहे. लातूरला डाळमिल, तेलमिल आणि रेल्वे कोच कारखाना आहे; तिथे काम आहे पण ठरावीक प्रकारचं. परभणी, हिंगोली, बीड आणि धाराशिवच्या बऱ्याच तालुक्यांत मोठा मालकच नाही. तिथल्या पोराला कामासाठी गाव सोडावं लागतं, म्हणून तिथे प्रश्न मुक्कामाचा आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाचा आहे. तुमचा तालुका तिसऱ्या गटात बसतो असं धरून लिहितोय.

कारखानदार ‘माणूस मिळत नाही’ म्हणतो तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं धरू नका. त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात: पगार कमी आहे, राहायची सोय नाही, पाळीची वेळ आणि बस जुळत नाही, किंवा खरोखरच कौशल्य नाही. नवा अभ्यासक्रम यातल्या फक्त चौथ्या कारणावर उपाय आहे. पहिल्या तीनवर कितीही प्रशिक्षण दिलं तरी फरक पडत नाही. उलट प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो आणि पोराचा विश्वासही जातो.

हे ओळखायला एक साधा हिशोब पुरतो. समजा हातात १२,५०० रुपये पगार येणार आहे. वेतन साधारणपणे पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेपर्यंत होतं. म्हणजे पाच तारखेला कामावर गेलेल्या पोराला पहिला पैसा दिसायला महिन्याहून जास्त काळ लागतो. तोवर वाळूजजवळ रांजणगाव किंवा बजाजनगरला चौघांत घेतलेल्या खोलीच्या डिपॉझिटचा वाटा २,०००, भाड्याचा वाटा २,०००, मेसचे आगाऊ ३,०००, सेफ्टी शूज आणि कपडे १,०००, गाडीभाडं आणि किरकोळ १,०००. झाले ९,०००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडच्या पोरांना विचारून खरे भरा. पण ज्या घरात खरीपाच्या बियाण्याला उसनवारी करावी लागते, तिथे पोराच्या हातावर ९,००० रुपये कोण ठेवणार? तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपतो, एक वेळ खातो, आजारी पडतो आणि गावी येतो. नोंदवहीत मात्र लिहिलं जातं, ‘उमेदवाराने काम सोडले, कामाची आवड नाही’. हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण ती नोंद त्या पोरावर अन्याय करणारी असते आणि पुढचं धोरण त्याच नोंदीवर ठरतं.

यावर उपाय महागडा नाही. पहिल्या ४५ दिवसांसाठी खाट आणि जेवण, एवढंच लागतं. तीन-चार कारखाने मिळून एक इमारत भाड्याने घेऊ शकतात, किंवा तुमची समिती गावातल्या बचत गटाकडून ८,०००-१०,००० रुपयांची बिनव्याजी उचल देऊन ती चार पगारांत परत घेऊ शकते. मुलींसाठी ही अट आणखी कडक आहे: वसतिगृह, दारापासून कंपनीपर्यंत बस आणि रात्रपाळी नाही, हे तिन्ही लेखी नसेल तर घरचे पाठवणार नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

आता कौशल्याकडे वळू, कारण तिथेही खरी उणीव आहे. ती शोधायची पद्धत मात्र चुकते. सर्वेक्षणात कारखान्याला विचारलं जातं, ‘किती वेल्डर लागतील?’ तो लिहितो, ‘१०’. या उत्तराचा काही उपयोग नाही. आयटीआयमध्ये पोरगं मुख्यतः रॉडच्या आर्क वेल्डिंगवर हात बसवतं. वाळूजच्या वाहन सुट्या भागांच्या फॅब्रिकेशनला बहुधा सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेलं) लागतं, तेही पातळ पत्र्यावर, जिथे करंट जरा जास्त झाला की भोक पडतं. वंदे भारतसारख्या डब्यांचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असतो. तिथे उष्णतेने पत्रा वाकू न देणं हे वेगळंच कसब आहे. तिन्ही ठिकाणी नाव वेल्डरच, पण एकातून दुसऱ्यात जायला सहा-आठ आठवड्यांचा सराव लागतो.

म्हणून मागणी अशी लिहून घ्या: कोणती प्रक्रिया, कोणता धातू, किती जाडी, कोणत्या स्थितीत जोड, पाळी किती तासांची, हातात पगार किती, आणि निवडीसाठी कोणता नमुना तुकडा करून दाखवायचा. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. सुपरवायझरने सांगितलेला तुकडा तुमच्या कार्यशाळेत भिंतीवर टांगून ठेवा. पोरांना आणि निदेशकांना दोघांनाही कळतं की नेमकं कुठे पोहोचायचंय. सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारं कापकामाचं यंत्र) ऑपरेटरसाठीही तसंच. ‘सीएनसी येतं का’ विचारण्यापेक्षा व्हर्निअरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप बरोबर वाचतो का, ड्रॉइंगवरचं अधिक-उणे ०.०५ म्हणजे काय ते सांगतो का, टूल झिजल्यावर ऑफसेट (यंत्रात भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) कोणत्या दिशेने बदलायचा ते कळतं का, हे तीन प्रश्न विचारा. निवडीत नापास होणारी बहुतेक पोरं मापनात नापास होतात, मशीनवर नाही. मापन शिकवायला काही लाखांचं यंत्र लागत नाही; दहा चांगली व्हर्निअर, दहा मायक्रोमीटर आणि रोज अर्धा तास लागतो.

यंत्रांबद्दल तुम्ही विचारलं म्हणून स्पष्टच सांगतो. यंत्र येतं आणि झाकून पडतं, याची कारणं ठरलेली आहेत. थ्री-फेज वीज असते पण दाब स्थिर नसतो आणि स्टॅबिलायझर खरेदीच्या यादीत नसतो. अर्थिंग नीट नसल्याने यंत्राचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं. पाया आणि कॉम्प्रेसरसाठी वेगळी मंजुरी लागते. सगळं झालं तर टूल होल्डर, कार्बाइड इन्सर्ट आणि कूलंटला दरवर्षी पैसे नसतात, वॉरंटी संपल्यावर देखभालीचा करार नसतो. माझा ठोकताळा असा की यंत्राच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी मिळणार नसेल तर ते यंत्र मागू नये. २०२५ मध्ये केंद्राने १,००० सरकारी आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६०,००० कोटी रुपयांची पीएम-सेतू योजना आणली. त्यात २०० मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशी रचना आहे. तुमची संस्था जोडलेल्या गटात आली तर स्वतःचं सीएनसी मागण्यापेक्षा मुख्य संस्थेच्या यंत्रावर तुमच्या पोरांना सलग तीन आठवडे मुक्कामी बसवून द्या, अशी मागणी करा. संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लास्टिकसाठी सिपेट या सरकारी प्रशिक्षण संस्थांकडे यंत्रं आहेत, शिकवणारे आहेत. तिथे गटाने जागा मिळवणं तुमच्या तालुक्याला जास्त परवडेल.

त्याउलट कच्च्या मालावर हात आखडता घेऊ नका. वेल्डिंगचा हिशोब बघा. ३.१५ मिलिमीटरचा एक रॉड दीड मिनिटाच्या आसपास जळतो. २० जणांच्या तुकडीत प्रत्येकाला रोज १० रॉड दिले तर प्रत्येकाच्या हाताखाली रोज फक्त १५ मिनिटं आर्क चालतो, आणि तेवढ्यालाही महिन्याच्या २५ दिवसांत ५,००० रॉड लागतात. जिथे रोज दोन-तीन रॉडच मिळतात, तिथे वर्षभर शिकूनही पोराचा हात बसत नाही. याचा दोष त्याला देता येणार नाही. प्लेटचे कटपीस फॅब्रिकेशनवाल्यांकडून भंगाराच्या भावात किंवा फुकट मिळतात. समितीच्या पत्रावर ते मागा आणि वाचलेला पैसा रॉडला लावा.

निदेशकांची गोष्टही अशीच आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या निदेशकाला सुट्टीत मानधन नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही, मग तो स्वतःच्या खर्चाने नवीन काय शिकणार? वर्षातले दोन आठवडे त्याला कारखान्यात मानधनासह पाठवा. माझ्या मते एका नव्या यंत्रापेक्षा याचा परिणाम मोठा असतो.

आता शिकाऊ उमेदवारी. माझा सर्वांत जास्त भर इथे आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांना औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण मिळालेलं दिसतं, आणि आणखी १६.६ टक्के जणांनी अनौपचारिक मार्गाने शिकून घेतलेलं. म्हणजे जे थोडे शिकतात, त्यातलेही बहुतेक जण वर्गाबाहेर, घरच्या धंद्यात किंवा कामाच्या जागी शिकतात. मग पैसा आणि लक्ष तिथेच जायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनी तो बराच सोपा झाला आहे. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. १२० कामगारांच्या युनिटला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८ घेता येतात. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरलं, आयटीआय झालेल्याला ७,०००. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून सरकार त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, वाटा उचलतं. आता तो थेट उमेदवाराच्या खात्यावर जमा होतो.

हे किमान आहे, कमाल नाही, हे कारखानदाराला ठासून सांगा. ७,००० रुपयांत वाळूजला राहता येत नाही, वर दिलेल्या हिशोबावरूनच ते दिसेल. जे मालक विद्यावेतनाबरोबर जेवण किंवा खाटही देतात, त्यांच्याकडेच दूरच्या तालुक्यातली पोरं पाठवा. नुसतं किमान देणाऱ्यांकडे स्थानिक पोरं जाऊ देत.

यात अडतं ते कागदांवर, आणि फार क्षुल्लक कागदांवर. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून करार अडकतो. खातं आधारला जोडलेलं असतं, पण थेट लाभ त्याच खात्यात यावा यासाठी बँकेत जी वेगळी आधार सीडिंगची नोंद करावी लागते, ती झालेली नसते. मग सरकारचा वाटा भलत्याच जुन्या खात्यात जातो नाहीतर परत जातो. कंपनीतला जो माणूस शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंद करतो, तो नोकरी सोडतो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. म्हणून मुलाखतीच्या महिनाभर आधी संस्थेतच एक दिवस फक्त कागदांसाठी ठेवा. बँकेचा माणूस आणि आधार केंद्रवाला यांना त्या दिवशी बोलवा. दुरुस्तीला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी सवड त्यात मिळते.

दुसरा धोका मोठा आहे. शिकाऊ उमेदवाराला वर्षभर एकाच लाइनवर, एकाच नटबोल्टवर उभं केलं जातं. मग तो स्वस्त मजूर होतो आणि वर्षाअखेरीस त्याच्याकडे काहीच नवं नसतं. हे रोखायला कराराबरोबर एक पानाचा फेरपालटाचा तक्ता जोडा. फिटरसाठी, उदाहरणार्थ, पहिले दोन महिने सुरक्षा आणि मापन, पुढचे चार महिने जुळणी, नंतर चार महिने यंत्र देखभाल, शेवटचे दोन महिने त्याच्या आवडीच्या विभागात आणि परीक्षेची तयारी. दर महिन्याला नोंदवहीवर सुपरवायझरची सही. एका सुपरवायझरकडे पाच-सहापेक्षा जास्त शिकाऊ देऊ नका. नोंदवही सलग दोन महिने कोरी दिसली की समितीच्या माणसाने कंपनीत जाऊन बसायचं. पत्र पाठवून हे होत नाही.

यावर कोणी म्हणेल की २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहेच, तिथे शिक्षणानुसार ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये मिळतात. गरजू पोराने ती जरूर घ्यावी. फरक एवढा लक्षात ठेवा की तिथलं विद्यावेतन सरकार देतं, मालकाच्या खिशातून काही जात नाही, त्यामुळे त्या पोराला शिकवून ठेवून घेण्याची घाई मालकाला नसते. ज्याने स्वतःचे दोन पैसे घातलेत, तो शिकवतो.

छोट्या युनिटांबद्दल एक सूचना. दहा-बारा कामगारांच्या व्हेंडरला पोर्टल चालवायला माणूस परवडत नाही, म्हणून तो शिकाऊ घेत नाही, खरंतर तिथेच पोरगं सगळं शिकतं. मसिआ किंवा सीएमआयएसारख्या उद्योजक संघटनेने २५-३० युनिटांसाठी एक कारकून ठेवला तर हा अडथळा जातो. तुमच्या तालुक्यातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्यांना, ट्रॅक्टर गॅरेजवाल्यांना, डाळमिलवाल्यांनाही असंच एकत्र बांधता येईल. गाव न सोडता काम हवं असलेल्यांसाठी हाच खरा मार्ग आहे. ज्यांना स्वतःचं दुकान काढायचंय त्यांना जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा, तिथलं प्रशिक्षण मोफत आणि निवासी असतं.

वेळापत्रकाकडे कोणीच बघत नाही, आणि आपल्याकडे तुकड्या रिकाम्या होण्याचं ते मोठं कारण आहे. मृगात पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात त्या थेट मार्च-एप्रिलला परततात. पोलीस भरतीची जाहिरात आली की पहाटेपासून पोरं मैदानावर असतात. अल्प मुदतीच्या तुकडीला मंजुरी कोणत्या महिन्यात मिळते यावर ती चालणार की नाही हे ठरतं. ऊसतोड घरांतल्या मुलांसाठी तुकडी अक्षय्य तृतीयेनंतर सुरू होऊन दसऱ्याच्या आत संपली पाहिजे, आणि पेरणीच्या दहा दिवसांची सुट्टी आधीच धरलेली पाहिजे. मजुराला हातात कोयता सोडून दुसरं काही द्यायचं असेल तर मुकादमाच्या उचलीआधी त्याला पर्याय दिसला पाहिजे. ऊसतोडणी यंत्र चालवणं आणि दुरुस्त करणं हा त्यातला एक रास्त पर्याय आहे, कारण शेतातली ओळ आणि उसाची जात त्याला कोणी शिकवायला लागत नाही.

ज्यांना काम आधीच येतं त्यांना परत वर्गात बसवू नका. गवंडी, सळई बांधणारे, रोलिंग मिलमधले मिस्त्री यांच्यासाठी पूर्वज्ञानाची मान्यता (आधीच येणारं काम तपासून प्रमाणपत्र देणं) ही सोय आहे. मात्र प्रमाणपत्राने मजुरी वाढणार असेल तरच ते घेण्यात अर्थ आहे. ठेकेदाराकडून तसं आधी कबूल करून घ्या.

परीक्षेबद्दल थोडक्यात. लांबून आलेला परीक्षक एका दिवसात ३० जणांचं प्रात्यक्षिक तपासतो, तेव्हा सगळे पास होतात आणि त्या कागदाला कारखान्यात कोणी विचारत नाही. जर्मनीत दुहेरी (शाळा आणि कारखाना दोन्हीकडच्या) प्रशिक्षणाच्या परीक्षा तिथली उद्योग मंडळं घेतात, आणि परीक्षकांत त्याच धंद्यात काम करणारे लोक बसतात. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही, पण ज्या कंपन्यांना माणसं हवीत त्यांच्याच दोन सुपरवायझरना प्रात्यक्षिकाला बोलवायला कोणाची बंदी नाही. त्यांनी पाहिलेला तुकडा म्हणजे निम्मी मुलाखत झाली.

देशपातळीवर काय बदलावं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पहिला बदल पैशाच्या हप्त्यांत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला ३० टक्के सुरुवातीला, ५० टक्के प्रमाणपत्रावर आणि २० टक्के नोकरी लागल्यावर मिळत. जिथे ८० टक्के पैसा प्रमाणपत्रापर्यंतच मिळून जातो, तिथे संस्था प्रमाणपत्रंच तयार करणार. माझ्या मते निम्मी रक्कम तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यावर ठेवावी. यातही एक धोका आहे आणि तो मान्य केला पाहिजे: सगळा भार नोकरीवर टाकला की संस्था हुशार, शहराजवळची, आधीच नोकरी मिळाली असती अशी पोरं निवडतात, आणि तांड्यावरची मुलगी, दहावी नापास मुलगा मागे राहतो. म्हणून दूरच्या आणि मागे पडलेल्या उमेदवारासाठी दर जास्त हवा. लहान संस्थेचा रोखीचा श्वास अडकू नये एवढं सुरुवातीलाही द्यावंच लागेल.

दुसरा बदल पडताळणीत. नियुक्तीपत्राची छायाप्रत हा पुरावा धरू नये, ती कोणीही छापतो. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या क्रमांकावर) सलग सहा महिने भरणा दिसला तर तो पुरावा. २० पेक्षा कमी कामगारांच्या युनिटला हा निधी सहसा लागू नसतो आणि शिकाऊ उमेदवारांनाही तो लागू नाही, तिथे बँक खात्यातली पगाराची किंवा विद्यावेतनाची नोंद धरावी. यासाठी लागणारी माहिती सरकारकडे आहे, फक्त केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम ही रोजगार नोंदणीची पोर्टलं, शिकाऊ उमेदवारीचं पोर्टल आणि निधीचं कार्यालय यांच्यात ती विखुरलेली आहे आणि पोराला प्रत्येक ठिकाणी नव्याने नाव घालावं लागतं. तिसरा बदल अधिकाराचा: तुकडी कधी सुरू करायची, कोणता व्यवसाय वाढवायचा, कच्च्या मालाला किती, हे ठरवायची मुभा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा कौशल्य समितीला मिळाली पाहिजे. संभाजीनगरात कारखाना उभारण्याचा टोयोटा किर्लोस्करचा सामंजस्य करार जुलै २०२४ चा आहे. अशा कारखान्याला लागणारी माणसं दोन वर्षं आधी आयटीआयच्या प्रवेशात दिसायला हवीत, आणि तो निर्णय दिल्लीहून वेळेत येणं कठीण आहे.

हे तिन्ही तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातातलं काम असं. येत्या तीन महिन्यांत गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना फोन करा. चार प्रश्न पुरेत: आज काय करतोस, महिन्याला हातात किती येतात, शिकलेलंच काम आहे का, आणि पहिली नोकरी सोडली असेल तर कितव्या दिवशी व का. ‘का’ चं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा, रकान्यात बसवू नका. एक माणूस दिवसाला २५-३० फोन नीट करू शकतो. फोन माजी विद्यार्थ्याने केला तर पोरं मोकळं बोलतात, शिक्षकाने केला की ‘सगळं चांगलं चाललंय सर’ एवढंच ऐकू येतं.

त्याच काळात आठ-दहा कारखान्यांत जाऊन वर सांगितल्यासारखी मागणी लिहून आणा, नमुना तुकड्यासह. नव्या तुकडीसाठी कामावर गेल्यापासून सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी फोन करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका आणि त्याला त्याचे पैसे द्या. सातव्या दिवसाचा फोन चुकवू नका. खोलीचा, मेसचा, सुपरवायझरच्या बोलण्याचा त्रास तेव्हा ताजा असतो आणि कंपनीला एक फोन करून तो मिटवता येतो. तिसाव्या दिवशी बहुतेक वेळा पोरगं गावच्या गाडीत बसलेलं असतं.

पन्नास जणांची उत्तरं आली तरी ती इथे टाका, नावं काढून. सोडण्याचा दिवस आणि कारण एकत्र मांडलं की तुमच्या तालुक्याचं दुखणं पगाराचं आहे, मुक्कामाचं आहे की हाताचं, ते कळेल, आणि अभ्यासक्रम मागायचा की खाटा, ते त्यावर ठरवू.